तीन मण्यांच्या मिशा

ग्रंथपालांनी काडेपेटी उघडून टेबलावर ठेवली, तेव्हा बाईंना हसूच आलं. आत मोहरीपेक्षा जरासा मोठा, तपकिरी भुंगेरा पाय आखडून मेलेला होता. बाईंनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे ओळखीपाळखीतला प्रत्येक किडा शेवटी त्यांच्याच पुढ्यात यायचा. हा मात्र वाचनालयाच्या मागच्या खोलीत सापडला होता, आणि त्या खोलीतली झाडून सगळी पुस्तकं बाईंच्या वडिलांनी बांधलेली होती.

"लाकडातला असेल तर कपाटं बदलू," ग्रंथपाल म्हणाले. "पण पुस्तकांतला निघाला, तर कमिटी अख्खी खोली रद्दीत काढेल. टपूनच बसलेत, त्यांना जागा हवीये."

"लाकडातलाच," बाई म्हणाल्या. "अहो, आमचे अप्पा चिकटवायच्या खळीत मोरचूद घालायचे. ते निळं विष असताना किडीची काय बिशाद!"

'आधी बघा, मग बोला' असं जन्मभर मुलांना बजावणाऱ्या बाई न बघताच निकाल देऊन मोकळ्या झाल्या. बापाचा विषय निघाला की भल्याभल्यांचं शास्त्र गुंडाळलं जातं, त्याला त्या तरी काय करणार?

मग भिंग निघालं. लाकडाचा भुसा पाडणारा भुंगेरा लांबट, चपटा असतो आणि त्याच्या मिशांच्या टोकाला दोन मणी असतात. हा पाठीने गोल होता आणि मणी तीन होते. बाईंनी पुन्हा मोजले. तीनच. म्हणजे हा पिठावर जगणारा. वाळलेली खळ तर त्याची फार आवडती.

बाईंचा चेहरा पडला.

दुपारभर त्या एकेक पुस्तक उघडत राहिल्या. प्रत्येकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत अप्पांनी पेन्सिलीने तारीख घातलेली होती, तेच तिरपं, घाईतलं अक्षर. ते पाहून बाईंना अप्पांचं कामाचं टेबल आठवलं, कातरणांचा ढीग आठवला, गरम खळीचा वास तर थेट नाकाशी आला. सातशे पुस्तकांपैकी अडतीस पोखरलेली निघाली आणि ती सगळी सलग तीन वर्षांतली होती. आधीची धडधाकट, नंतरचीही. म्हणजे तेवढीच तीन वर्षं अप्पांनी कामात कुचराई केली? अप्पांनी? बाईंच्या घशाखाली ते उतरेना.

घरी आई होती, नव्वदीला टेकलेली, पण जिभेची धार शाबूत. तिने ती वर्षं ऐकली आणि ती हसायलाच लागली.

"अगं, तेव्हा तू अडीच-तीन वर्षांची! दिवसभर त्यांच्या टेबलापाशी. त्यांची पाठ वळली की खळीत बोट बुडवून चाटायचीस. रागावून झालं, धपाटे घालून झाले, तू कसली ऐकतेस! शेवटी त्यांनी मोरचूदच बंद केलं. मी म्हटलं, पोरीला माझ्याकडे द्या, पुस्तकं खराब होतील. तर म्हणाले, ती शेजारी नसली की माझा हात चालत नाही. पुस्तकांचं पुढे बघू."

"मला कधी बोलले नाहीत ते."

"काय बोलायचं त्यात? तू शाळेत जायला लागलीस, मोरचूद परत आलं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी अहवाल दिला: अडतीस पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवावीत, कीड मरेल, बाकीची निर्धोक आहेत, रद्दीत काढायचं कारण नाही.

ग्रंथपालांनी कागद वाचला. "कारणाचा रकाना तेवढा राहिलाय, बाई. बाइंडरचा निष्काळजीपणा, असं लिहू?"

"खबरदार!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की ते दचकले. मग त्यांचा आवाज भरून आला, आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

"लिहा, बाइंडरची मुलगी हावरट होती."