गंगाबाईंच्या नावाचे पाणी

मी एक जुनी काशाची वाटी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका, पण माझ्यात कधी कोणी खीर वाढली नाही. माझ्यात माणसांचे मूत्र पाहत.

कुंभकोणमच्या कासाराने मला ठोकून घडवले ते तंजावरच्या राजवैद्यांसाठी. इंग्रजांनी राज्य खालसा केले, तेव्हा राजवैद्यांचे चिरंजीव मुकुंदराव मला घेऊन कुंभकोणमजवळ मेलकावेरी गावी वैद्यकी करायला आले. पहाटेचे पहिले मूत्र माझ्यात ओतायचे, गवताच्या काडीने तिळाच्या तेलाचा एक थेंब सोडायचा आणि पाहत राहायचे. थेंब झरझर पसरला तर रोगी बरा होणार. तळाशी बसला तर मुकुंदराव औषधांची पेटी मिटून ठेवत. तेव्हा मला फार भीती वाटे.

मुकुंदराव इंग्रजी पुस्तकातल्या शरीराच्या चित्रांखालचा मजकूर मोठ्याने वाचत, म्हणून मलाही कळले. पाठीच्या कण्याशी दोन मूत्रपिंडे असतात. ती अहोरात्र रक्त गाळतात. कामाचे ते रक्तात परत जाते, नकोसे ते दोन बारीक नळ्यांतून थेंबथेंब मूत्राशयात उतरते. ही पिशवी भरत आली की ताणते आणि डोक्याला निरोप धाडते. माणसाने मनावर घेतले की तिचे आवळलेले तोंड सैल होते, ती आकसते आणि पाणी सुटते. नाही घेतले, तर बिचारी वाट पाहते.

गावातल्या एका घरच्या गंगाबाई मनावर घेतच नसत. नवरात्रात देवीचा स्वयंपाक सोवळ्यात, आणि लघवीला गेले की पुन्हा स्नान. म्हणून त्या पाणी पीत नसत आणि कळ दाबून धरत. अडून राहिलेल्या पाण्यात रोग माजतो आणि वर मूत्रपिंडांपर्यंत चढतो. एका नवरात्रात पाचव्या दिवशी त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली, सातव्या दिवशी हुडहुडी भरली. घरात गोषा, त्यामुळे वैद्यांनी त्यांना पाहायचे नाही. सून भवानी मातीच्या बुडकुल्यात त्यांचे म्हणून पाणी घेऊन येई. ते निर्मळ असे, थेंब छान पसरे. खरी गोष्ट मला मागाहून कळली. सासू तिला म्हणाली होती, "सोवळें मोडून मी कोठें बसूं? तुझेंच ने. बायकांचें पाणी सगळें एकच."

नवमीच्या सकाळीही ती आली. थेंब पसरू लागला, मुकुंदराव हसले. "जा बाळ, भय नाही म्हणून सांग."

इतक्यात तिचा दीर तुकोजी धापा टाकत दारात आला. "वहिनी, घरी चला. आई गेली. अंग गार पडून घटका झाली."

माझ्यातले पाणी अजून ऊन होते. मेलेल्या बाईच्या नावाने तेल संथपणे पसरत होते.

"मग हे कोणाचे?" मुकुंदरावांनी विचारले.

"माझें," भवानी म्हणाली.

त्या दिवशी त्यांनी मला पालथी घालून फळीवर ठेवले. पुन्हा कोणी हात लावला नाही. तरी दर नवमीला सकाळी माझा तळ ऊन होतो. का, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तहान लागली की पाणी प्या. कळ आली की उठा. स्नान दुसऱ्यांदा करता येते.