सहाशे बारावं मत

उलरिक पुआरियेनं एकोणीस वर्षांत आमच्या विधानसभेत दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा निवडून आल्यावर आभार मानायला, आणि दुसऱ्यांदा "अध्यक्ष महोदय, ती खिडकी जरा लावून घ्या, पाठीत वारं भरतंय" एवढं सांगायला. दोन्ही भाषणं मीच टाइप केलीत, म्हणून छातीठोक सांगते. सभागृहाच्या खाली तळघरात माझी खोली आहे. कानाला हेडफोन लावायचे आणि वरची बडबड शब्दन् शब्द उतरवायची, हे माझं बावीस वर्षांचं काम. सत्तावीस सदस्यांचं आमच्या बेटाचं एवढंसं सभागृह, पण एकदा बोलायला लागले की वाटावं, अख्खा कॅनडा ह्यांच्याच जिवावर चाललाय. उलरिकवर माझा जीव होता तो म्हणूनच. गप्प बसणारा आमदार म्हणजे माझ्या बोटांना सुट्टी.

पण मतदानाची वही उघडा, तिथे उलरिकचा हात धरणारा कोणी नाही. घंटा वाजली की हा जागेवर. ताप असो, दाढ ठणकत असो, घरच्या बोटीवर शेवंडांचा हंगाम ऐन भरात असो. सलग सहाशे अकरा मतं, एक चुकलं असेल तर शपथ. आमच्या जिन्यात एका दाढीवाल्या सदस्याची तसबीर आहे, त्याचाही आकडा सहाशे अकरा. शंभर वर्षांत तो कुणाला ओलांडता आला नव्हता. त्या गुरुवारी अधिवेशनाचं शेवटचं मतदान होतं आणि उलरिक पुढची निवडणूक लढवणार नव्हता. म्हणजे सहाशे बारावं मत आज पडलं तर पडलं. त्याची लेक एलोदी केक घेऊन यायची होती. काकवीचा, वर पांढऱ्या साखरेत ६१२.

सकाळी उलरिक चहाचा मग घेऊन माझ्या तळघरात उतरला.

"फिलो, एक काम कर ना. माझं एक्केचाळिसावं मत कशावर होतं, तेवढं बघून दे."

ह्या एक्केचाळीसची गोष्ट आमच्या इमारतीत झाडूवाल्यापासून मुख्यमंत्र्यापर्यंत सगळ्यांना पाठ. सतरा वर्षांपूर्वी एलोदी जन्मली तेव्हा बापमाणूस इथे बसला होता, एक्केचाळिसावं मत द्यायला. तेव्हापासून त्याची बायको रेजान पोरीला घरात "एक्केचाळीस" म्हणूनच हाक मारते. "एक्केचाळीस, जेवायला ये." उलरिक स्वतःच हसत हसत सांगायचा हे. पोरीनं विचारलं की मात्र छाती काढून म्हणायचा, "फार मोठं मतदान होतं, बाळा. माझ्यावाचून अडलं असतं सगळं."

"आज केक कापताना तिला सांगीन म्हणतो, नेमकं काय होतं ते," तो म्हणाला.

मी जुना खंड काढला, पान शोधलं, वाचलं आणि फटकन मिटला. "सापडत नाही."

"खोटं बोलू नकोस. कान लाल होतात तुझे."

"बटाट्याच्या पोत्यांची तोंडं शिवायचा दोरा," मी म्हटलं. "लाल असावा की निळा."

"आणि मतं?"

"निळ्याला सव्वीस. लालला एकही नाही."

तो मगात चमचा ढवळत राहिला. साखर तो घेतच नाही. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यावाचून पंचवीस झाली असती." हसायला गेला, पण जमलं नाही. "रेजान चौदा तास एकटी होती गं, फिलो."

मला इतका राग आला त्या दोऱ्याचा! कुणा शहाण्यानं त्यावर नावं पुकारून मतदान मागितलं होतं कोण जाणे. मी उलरिकला धरून वर घेऊन गेले, म्हटलं जरा उजेडात चल. तर जिन्यात दाढीवाल्याच्या तसबिरीखाली आर्डिथ मॅकॉसलंड पायरीवर बसलेली, हातात फोन.

आर्डिथ विरोधी बाकावरची. जीभ म्हणजे मासे साफ करायची सुरी. बारा वर्षं तिनं उलरिकला सळो की पळो करून सोडलं होतं. "पश्चिम किनाऱ्याचे माननीय सदस्य म्हणजे बाकावरची उशी आहेत," हे तिचं वाक्य माझ्याच इतिवृत्तात छापलेलं आहे. आणि ही बाई आज रडत होती.

समोर सत्ताधाऱ्यांचा प्रतोद लॉर्न बर्टव्हिसल उभा होता. पक्षाची माणसं मतदानाला हाकून आणणं हे त्याचं काम. आर्डिथ त्याला विनवत होती. तिच्या मुलीला दोन आठवडे आधीच कळा सुरू झालेल्या. रुग्णालय बेटाच्या पार पश्चिम टोकाला, दीड तासावर. शेवंडांच्या हंगामाचा पहिलाच दिवस, त्यामुळे जावई पिंजरे टाकायला समुद्रात. फोनही लागत नव्हता.

"मग जा ना," लॉर्न म्हणाला. "कोण अडवतंय?"

अडवत होतं ते तिचंच विधेयक. गावाच्या संमतीशिवाय गावची शाळा बंद करता येणार नाही, ह्यासाठी ती नऊ वर्षं भांडली होती. आज शेवटचं मतदान. सत्ताधाऱ्यांतला एक सदस्य तिच्या बाजूनं वळला होता, दुसरा एक गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडला होता. हिशेब बसला होता तेरा विरुद्ध बारा. ती गेली तर बारा-बारा, आणि बरोबरी झाली की अध्यक्ष जे आहे तेच राहू द्या म्हणतात. विधेयक खलास.

यावर एकच उपाय असतो: जोडी. ह्या बाजूचा एक गैरहजर, तर त्या बाजूच्या एकानंही नाव पुकारल्यावर मत द्यायला उठायचं नाही. कुठे सही नाही, शिक्का नाही, नुसता शब्द.

"जोडी? आज?" लॉर्न म्हणाला. "आर्डिथ, मी काय शेवंड आहे का, पिंजऱ्यात आपण होऊन चालत यायला?"

"माझ्याशी लाव," उलरिक म्हणाला.

आम्ही तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" लॉर्न ओरडला. "आज सहाशे बारावं आहे तुझं! केक येतोय!"

"खाऊ की केक. केकला काय मत लागतं?"

"अरे, विधेयक मंजूर होईल त्यांचं!"

"ती इथे थांबली तरी होणारच होतं. पोरीच्या कळांवर जिंकायचं असेल तर तुझं तू जिंक, लॉर्न. मला नको."

आर्डिथ उठली. "उलरिक, शब्द दिलायस हं. तू उठलास की माझ्या शाळा गेल्या."

"जा गं बाई, जा. रस्त्यावर हळू चालव."

"बारा वर्षं तुला उशी म्हणत आले मी."

"मग? आज नुसतं बसूनच तर राहायचंय. माझ्याहून लायक कोण सापडणार तुला?"

ती रडता रडता फसकन हसली, आणि टाचा वाजवत जी पळाली ती कोटसुद्धा विसरली.

इथवर सगळं छान झालं. पण घंटेला अर्धा तास असताना उलरिक पुन्हा माझ्या दारात, तोंड पांढरंफटक.

"फिलो, घोळ झालाय. माझे पाय."

"काय झालं पायांना?"

"त्यांना कोण सांगणार? एकोणीस वर्षं नाव पुकारलं की ते आपले आपण उठतात. परवा चर्चमध्ये पाद्रीबाबांनी दुसऱ्या कुणा पुआरियेचं नाव घेतलं, तर मी उभा! रेजाननं कोट धरून खाली ओढलं."

"मग बाहेर जाऊन बस, गाढवा!"

"बाहेर कसा बसू?"

तेही खरंच होतं. आमच्याकडची रीत अशी की जोडीतला जो हजर असेल त्यानं आपल्या बाकावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसून राहायचं. शब्द पाळताना दिसलं पाहिजे. बाहेर गेला तर लोक म्हणतात, तोंड लपवून पळाला.

उलरिकनं कोटाच्या खिशातून पिंजऱ्याची हिरवी दोरी काढली. जन्मभराचा कोळी तो, रुमाल विसरेल पण दोरी नाही. माझे वडीलही कोळीच होते. सभागृह रिकामं होतं तोवर मी वर जाऊन त्याचा पट्टा खुर्चीच्या पाठीला बांधला, ओढली की घट्ट होते ती गाठ मारून. खुर्ची ओकची, दोन माणसांनी उचलायची. म्हटलं, आता उठून दाखव.

मतदानाच्या वेळी मी वरच असते, कोपऱ्यातल्या टेबलाशी, कोण कुठल्या बाजूनं उठलं ते टिपायला. घंटा वाजायची थांबली, दारं लागली. गॅलरीत एलोदी मांडीवर केकचं खोकं घेऊन बसलेली, नव्या निळ्या ड्रेसमध्ये. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. बापाला तिनं हळूच हात केला. बापानं छताकडे पाहिलं.

विधेयकाच्या बाजूची नावं झाली: बारा. मग विरोधातली सुरू झाली. चिटणीस नाव पुकारतो, सदस्य उठतो, मान लववतो, बसतो. एक, दोन, तीन. उलरिकच्या दोन्ही हातांनी टेबल गच्च धरलेलं, कपाळावर घाम. चिटणिसाला सगळं सांगून ठेवलं होतं, त्यानं यादीत उलरिकच्या नावावर पेन्सिलीची रेघही मारली होती. पण जिभेची सवय कुठे जाते?

"श्री. पुआरिये!"

आणि पाय उठले! पायांबरोबर उलरिक उठला, उलरिकबरोबर ती ओकची खुर्ची वीतभर वर आली, क्षणभर तशीच लटकली आणि धाडकन खाली आपटली. शाईची दौत उडाली.

"उठले!" लॉर्न किंचाळला. "अध्यक्ष महोदय, उठले! नोंद घ्या!"

"बसलेत! बसलेत!" समोरच्या बाकांवरून गिल्ला झाला. माझी पेन्सिल हवेतच थांबली. माझी गाठ होती हो ती!

अध्यक्षांनी चष्मा लावला, आसनावरून वाकून पाहिलं. "माननीय सदस्य, आपण उठलात का?"

उलरिकनं घसा खाकरला. एकोणीस वर्षांतलं त्याचं हे तिसरं भाषण. "अध्यक्ष महोदय, पाय उठले. मी नाही. मी सदस्या मॅकॉसलंडना शब्द दिलाय. त्यांच्या मुलीला बाळ होतंय आणि त्या तिच्यापाशी आहेत. बाळ होताना तिथे असायला हवं. मी एकदा नव्हतो."

मी पेन्सिल टेकवली आणि तेही शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

"हं," अध्यक्ष म्हणाले. "ज्याची बैठक खुर्चीला टेकलेली आहे तो बसलेला, असा माझा निर्णय आहे. खुर्ची स्वतः कुठे होती, त्याच्याशी ह्या सभागृहाला कर्तव्य नाही. पुढचं नाव."

बारा विरुद्ध अकरा. शाळा वाचल्या. आणि तेवढ्यात वरून टाळ्या. एकटीच्याच. गॅलरीत टाळी वाजवायला सक्त मनाई आहे, वाजवली की सार्जंट हात धरून बाहेर काढतो. एलोदी केकचं खोकं बाकावर ठेवून उभी होती आणि दोन्ही हातांनी वाजवत होती, गालांवरून पाणी वाहतंय. आमचा सार्जंट बेचाळीस वर्षांचा, तगडा. पण तो जिना त्यानं असा चढला, जसा काही नव्वदीचा म्हाताराच. मग खाली बाकं वाजायला लागली, दोन्हीकडची. लॉर्ननंही शेवटी दोनदा थाप मारली. खोटं कशाला सांगू, तीनदा.

इतिवृत्तात गॅलरीतलं काही लिहायचं नाही असा नियम आहे. मी लिहिलं: "गॅलरीत एका मुलीनं टाळ्या वाजवल्या." माझ्या खात्याच्या साहेबांनी ते खोडलं. मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला.

उलरिकला खुर्चीसकट चौघांनी उचलून चहाच्या खोलीत आणलं, तरी माझी गाठ काही सुटेना; केकच्या सुरीनं दोरी कापावी लागली. उलरिक मोकळा झाला आणि लेकीसमोर शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

"एलोदी, तुझं ते एक्केचाळिसावं मत. मी आज बघून घेतलं. पोत्याचा दोरा होता. लाल की निळा."

"दोरा?"

"निळा ठरला. सगळ्यांनीच निळा म्हटलं. माझी काही गरज नव्हती, बाळा."

एलोदी जी हसायला लागली, ती पोट धरून खुर्चीवरच बसली. "दोरा! सतरा वर्षं मला वाटत होतं, तू देश वाचवत होतास! मागच्या वेळी दोरा, आज दोरी. पापा, तुझं कसं होणार रे?" आणि उठून तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. उलरिक तिच्या केसांत तोंड खुपसून रडला. मीही रडले. रडण्यासारखंच होतं ते.

"चला, आता हे खोटं पुसायला हवं," ती डोळे पुसत म्हणाली आणि सुरीचं टोक ६१२ मधल्या दोनावर टेकवलं. "दोनाचा एक करते. दाढीवाल्याशी बरोबरी, तेही काही वाईट नाही."

तेवढ्यात उलरिकचा फोन वाजला. आर्डिथचा निरोप. त्याचा चष्मा वरच राहिला होता, म्हणून मीच मोठ्यानं वाचला.

"मुलगी झाली. साडेसात पौंड, आवाज माझ्यावर गेलाय. मी वीस मिनिटं आधी पोचले, हात धरून उभी होते. तीन भाषणं झाली तुझी असं कळलं, फार बोलायला लागलास. नाव अजून ठरायचंय. तोवर आम्ही सगळे तिला सहाशे बारा म्हणतोय."

एलोदीनं सुरी दोनावरून अलगद उचलली आणि आकडा तसाच ठेवून कडेनं केक कापायला घेतला. पहिला तुकडा तिनं बापाला दिला. दुसरा, आकड्याजवळचा मोठा, कागदात नीट गुंडाळून आर्डिथच्या विसरलेल्या कोटावर ठेवला आणि वर पेनानं लिहिलं: सहाशे बारासाठी, एक्केचाळीसकडून.