शेणाच्या गॅसची शेगडी

गोबरगॅस घ्यायचं महादेवरावांनी ठरवलं ते वच्छलाबाईंना न विचारताच. हिंगणीत त्यांचं किराणा दुकान होतं, आणि घरामागच्या गोठ्यात बैलजोडी धरून सात-आठ ढोरं. वर्ध्याला माल आणायला गेले असताना एका संस्थेत त्यांनी ती शेगडी जळताना पाहिली. शेण-पाणी कालवून विहिरीसारख्या खड्ड्यात सोडायचं, वर लोखंडी टाकी पालथी घालायची. आत गॅस जमला की टाकी आपोआप उचलली जाते आणि नळीवाटे गॅस स्वयंपाकघरात येतो. धूर नाही, काजळी नाही.

धुराचंच त्यांना पडलं होतं. वच्छलाबाईंचे डोळे वर्षभर गळत होते, आणि चुलीपुढे बसलं की खोकल्याची अशी उबळ यायची की दुकानातल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जावी. डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितलं होतं. म्हणून चैतात खड्डा खणला गेला, बैलगाडीतून टाकी आली आणि भिंतीला भोक पाडून नळी आत घेतली.

वच्छलाबाईंना शेणाच्या जाळावरचा निवद देवाला चालतो काय, असं शेजारणींनी विचारलं तेव्हा गोवऱ्या कशाच्या असतात, एवढंच त्यांनी विचारलं. पण शेगडी आली त्या दिवसापासून त्या कोपऱ्याकडे त्यांनी पाठ केली. महादेवराव दुपारी त्यावर स्वतःचा चहा करायचे, तेवढा वेळ त्या गोठ्यात जाऊन उभ्या राहायच्या.

कारण दोघांनाही ठाऊक होतं. वच्छलाबाईंची धाकटी बहीण नलू पुलगावला गिरणीच्या चाळीत दिली होती. तिथे सरपणाची मारामार, म्हणून लग्नात महादेवरावांनी तिला हौसेनं रॉकेलचा स्टो दिला. दुसऱ्याच वर्षी त्या स्टोचा भडका उडाला आणि नलू गेली. त्यानंतर महादेवरावांनी घरात तिचं नाव कधी काढलं नाही, आणि वच्छलाबाईंनी कधी दोष दिला नाही. घर चालू राहिलं.

आषाढात लेक धुरपता पहिल्या बाळंतपणाला आष्टीहून माहेरी आली. सरपण ओलं, चूल फुंकून फुंकून घर धुरानं भरायचं. मायलेकी दोघी खोकायच्या. बाबांनी एवढं आणून ठेवलं असताना माय धूर का खाते, हे धुरपताला कळेना. नलूमावशी गेली तेव्हा ती लहान होती. मावशी तापानं गेली असंच तिला सांगितलं होतं.

एका सकाळी वच्छलाबाई गोठ्यात असताना धुरपता शेगडीपुढे बसली. बाबा करत तशी तिनं काडी ओढली आणि नळीचा कॉक फिरवला. वच्छलाबाई दारातून आत येत होत्या. त्यांना काडीचा आवाज आला, त्यामागून बारीक फुसफुस आली, आणि पुढं काय केलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांनी लेकीला दोन्ही हातांनी लोटलं. धुरपता भिंतीवर आदळून खाली बसली, पोट धरून.

शेगडी निळी जळत होती. दुसरं काही झालं नव्हतं.

सुईण शकुबाई आली. तिनं पोटाला हात लावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि लेकरू पोटात फिरून राह्यलं, काई भेव नाई, म्हणाली. तोवर महादेवराव दुकान उघडं टाकून आत आले होते. त्यांनी कॉक बंद केला.

"काऊन लोटलं तिले?" ते म्हणाले. "जीव गेला असता दोघाईचा."

वच्छलाबाई भिंतीशी बसल्या होत्या.

"नलूले स्टो तुमीच देल्ला होता," त्या म्हणाल्या.

महादेवराव मग बाहेर निघून गेले. धुरपतानं आईकडे पाहिलं, आणि मावशी कशानं गेली ते तिला त्या दिवशी कळलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. महादेवराव दुकानातच जेवायचे. टाकी रोज फुगून वर यायची, आणि ते बाहेरचा कॉक उघडून गॅस मोकळ्या हवेत सोडून द्यायचे. गाडीवाला मिळाला की टाकी काढून परत नेतो, असं त्यांनी लेकीकडून आत कळवलं. खिडकीतून वच्छलाबाईंना नवरा दिसायचा, टाकीजवळ पाठमोरा उभा, हात मागे बांधून.

श्रावणातल्या एका संध्याकाळी त्या चूल फुंकत होत्या. डोळ्यांतून इतकं पाणी वाहत होतं की त्यांना समोरचं भगोणंही धड दिसत नव्हतं. धुरपता एकदम ओरडली, आणि पाण्याचा तांब्या आईच्या अंगावर ओतला. पदराचं टोक निखाऱ्यात पडून जळत वर चाललं होतं. वच्छलाबाईंना ते दिसलंच नव्हतं. वासही आला नव्हता. सगळा धूर सारखाच.

त्या ओल्या लुगड्यानं तशाच बसून राहिल्या. धुरपता मोठं पोट घेऊन जाळ विझवायला वाकली होती, ते त्या पाहत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "बाबाले बलाव."

महादेवराव आले. जळका पदर पाहून ते खाली बसले.

"मले दाखवा कसं लावतेत ते," वच्छलाबाई म्हणाल्या. "मीच लावीन. पोरगी नाई."

"भेव वाटते त राहू दे. मी टाकी नेतो."

"भेव वाटतेच. दाखवा."

त्यांनी दाखवलं. आधी काडी पेटवायची, मग कॉक हळू फिरवायचा. वच्छलाबाईंची पहिली काडी हातातच विझली, दुसरी मोडली. तिसऱ्या काडीला महादेवरावांनी त्यांचं मनगट धरलं. शेगडी पेटली तेव्हा वच्छलाबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"नलूच्या वक्ती मी तुले इचारलं नाई," महादेवराव हळू म्हणाले. "आताबी नाई इचारलं."

वच्छलाबाईंनी डोळे पुसले, आणि भाताचं आधण ठेवलं. भात शिजेपर्यंत महादेवराव तिथून उठले नाहीत.

भादव्यात धुरपताला मुलगी झाली. भाकरी चुलीवरच राहिली, पण वरण-भात आणि बाळंतिणीचं पाणी शेगडीवर होऊ लागलं. खोकला कमी झाला. डोळ्यांचं जे गेलं होतं ते परत आलं नाही. स्वयंपाक झाला की कॉक बंद आहे ना, हे वच्छलाबाई बोटांनी चाचपून पाहायच्या, आणि झोपायच्या आधी एकदा नवऱ्याला पाहायला लावायच्या. त्या दोघांत त्यावरून पुन्हा बोलणं झालं नाही. पण त्या वर्षीच्या पितृपक्षात महादेवरावांनी आपणहून नलूच्या नावानं पान वाढायला सांगितलं, आणि ते पान वच्छलाबाईंनी शेगडी न पेटवता, सगळं चुलीवर रांधून वाढलं.