आख्खा फोटो

“नेत्राताई, अण्णांचा एखादा चांगला फोटो पाठवा ना. ‘भाविकांचा आधार हरपला’, तीन कॉलम घेतोय.”

फोनवर हितेश होता. आमच्याच वाडीतला, रत्नागिरीच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार. बाबांना जाऊन दोन दिवस झाले होते.

“त्याआधी दुरुस्ती छापणार का?”

कुठली, हे त्याला विचारावं लागलं नाही.

माझे वडील, महिपत गुरव, चाळीस वर्षं बंदरावरच्या देवळाची पूजा करत. मार्चमध्ये, दिव्यांचे झोत टाकून मासळी उपसणाऱ्या बोटींविरुद्ध सभा झाली. बाबा आणि शेजारच्या मोहल्ल्यातले मौलाना इब्राहिम होडेकर एकाच बाकड्यावर उभे राहून बोलले. बाकडं डुगडुगत होतं म्हणून मौलानांनी बाबांचा खांदा धरला होता. वाक्य दोघांनी चहा पिताना ठरवलं होतं : “असल्या बोटी बंदरात शिरल्या तर आम्ही आडवे पडू.”

बाबांना मोतीबिंदू, म्हणून दुसऱ्या दिवशी पेपर मी वाचून दाखवला. ‘श्रद्धेय गुरवांचा निर्धार.’ त्याखाली, ‘कट्टर मौलानाची चिथावणी.’

“नीट वाच गो.”

मी पुन्हा वाचलं.

“वाक्य एकच होतं ना आमचं?”

“एकच छापलंय. अक्षर न् अक्षर.”

ते तसेच उठले. एसटी पकडून आम्ही पेपरच्या ऑफिसात गेलो.

“हितेश, मी पण तेच बोललो. मला पण कट्टर लिही. नायतर त्याचं काढ.”

हितेश हसला. “अण्णा, तुम्ही आपले देवमाणूस. तुम्हाला कोण कट्टर म्हणेल?”

“आपले म्हंजे कुणाचे रे? तुझ्या बापाची होडी उलटली तेव्हा त्याला पाण्यातून काढला कोणी? इब्राहिमनंच ना?”

हितेशची मान खाली गेली. “मथळा मी देत नाय, अण्णा. वरून येतो.”

“वरून? वरच्याची पूजा मी रोज करतो. त्याला विचारतो हां.”

मौलानांना पोलिसांनी तीनदा बोलावलं. बाबांना एकदाही नाही. तिन्ही वेळा बाबा बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. मग मौलानांनीच देवळाकडे चहाला येणं बंद केलं. म्हणाले, “माझ्या बाजूला बसलास तर तुझं नाव खराब होईल, महिपत.” त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

पुढे आठ महिने, दर सोमवारी, ते त्या ऑफिसात जात राहिले. शेवटच्या सोमवारी परतीच्या एसटीची वाट बघत स्टँडवर बसले होते, ते बसल्या जागीच गेले. हातात मार्चमधलं ते कात्रण होतं.

“फोटो पाठवते,” मी हितेशला म्हटलं. “सभेतला. आख्खा छाप. खाली दोघांची नावं घाल आणि दोघांना एकच विशेषण लाव. कुठलंही चालेल.”

“साहेबांना विचारतो, ताई.”

दुसऱ्या दिवशी पेपर आला. दुरुस्ती नव्हती. बाबा ‘सर्वधर्मसमभावाचे पुरस्कर्ते’ होते. वाक्य होतं, बोलणारा एकच होता. फोटो डावीकडून कापला होता.

बाबांच्या खांद्यावर मात्र चार बोटं राहून गेली होती. ती काढायची तर खांदाच कापावा लागला असता.