त्या मोटारीतला वास

"सूनबाई, त्या मोटारीत वास आहे. लेकराला घेऊन बसू नकोस," धारहून निघताना आत्याबाई दारातच म्हणाल्या. जुनी मोटार आम्ही एका वारलेल्या सरदारांच्या घरून घेतली होती. मला वाटलं, तिथे त्यांच्या भुताचा वास आहे, वस्ती आहे, असं म्हणताहेत.

"कॉलेजात शिकलेय मी, आत्याबाई. भुतंच मला भितील!" मी हसले. त्या ओशाळून आत गेल्या.

ते सन सव्वीस, माघाची थंडी. मोटारीचे पडदे घट्ट लावून आम्ही देवासची वाट धरली. चिंतू माझ्या पायांशी, दुलईत निजला होता. वाटेत पेट्रोलचा दर्प आला, डोकं जड झालं. मी मोटार थांबवायला लावली. कुठे गळतंय का म्हणून उमाशंकर ड्रायव्हरने इंजिन पाहिलं, नळी चाचपली, टाकी हुंगली.

"कंईं नी टपके, बाईसाब. जूनी गाड़ी हे, बास तो आवेगी."

बास. वास. आत्याबाई हाच वास म्हणत होत्या!

मी मागची बैठक उचलली. खाली जादा पेट्रोलचा डबा सांध्यातून पाझरत होता, अगदी चिंतूच्या उशाशी. त्याला उचललं तर मान लटकली. तो पुन्हा जागा झालाच नाही.

तेव्हापासून आत्याबाईंनी बोलणं टाकलंय. आपल्याला नीट सांगता आलं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलंय. त्यांच्यापुढे मला उभं राहवत नाही. धारला कुणी जाणार असाल, तर जरा डोकावून या. जेवतात का पाहा. आणि त्यांना सांगा, "तुम्ही नीटच सांगितलं होतं."