एक बैठक, एक फी

लिफ्ट मिस्त्रींनी उभ्या नोकरीत एक गोष्ट कुणाला करू दिली नव्हती, ती म्हणजे एकदाच बोलावणं. "या आणि तेवढी दुरुस्ती करून जा," असं कुणी म्हटलं की ते हात जोडत. "वर्षाचा करार करा, मग येतो. एकदाच येणारा माणूस दोर बघत नाही, दिवा बदलून जातो." लोक कुरकुरत, पण करार करत. अडला हरी, दुसरं काय! तर असे हे मिस्त्री निवृत्त झाले आणि शहरभर असा माणूस शोधत हिंडू लागले, जो एकदाच सल्ला देईल, पैसे घेईल आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही. ज्याचं त्याला असं कधीतरी परत मिळतं.

प्रश्न म्हटलं तर साधा होता. कंपनीनं पेन्शनचा फॉर्म पाठवला होता आणि त्यात दोन चौकटी होत्या. पहिल्या चौकटीत खूण केली तर पेन्शन पूर्ण मिळणार, पण मिस्त्रींबरोबरच संपणार. दुसरीत केली तर बरीच कमी मिळणार, पण त्यांच्यामागे बायकोला जन्मभर चालू राहणार. खूण महिनाअखेरीपर्यंत करायची आणि एकदा केली की बदल नाही.

बायकोचं मत पक्कं होतं. "पूर्ण घ्या," ती म्हणे. "साखर मला, गुडघे गेलेत ते माझे. तुम्हाला काय धाड भरलीय? मीच आधी जाणार."

यावर मिस्त्री काय बोलणार? डॉक्टरनं त्यांना एकट्याला समोर बसवून सांगितलं होतं, "हृदय दमलंय. जिने चढू नका. सांभाळलंत तर पुष्कळ वर्षं काढाल." आणि मग कागद नीट लावत म्हणाला होता, "पण सांगता येत नाही." आता 'पुष्कळ' आणि 'सांगता येत नाही' यांतलं धरायचं कुठलं? मिस्त्री घरी आले ते गोंधळूनच, आणि तेव्हापासून गोंधळलेलेच होते. बायकोला त्यांनी अवाक्षर सांगितलं नाही. ती घाबरली असती, आणि ती घाबरली की हेही घाबरले असते. खरं कारण हे दुसरं.

जिने मात्र त्यांनी सोडले. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाले, "लिफ्टच्या वरच्या चाकाचा आवाज येतोय. जाता-येता ऐकतोय." लिफ्टवाला लिफ्टमध्ये दिसला तर संशय कुणाला येणार, असा त्यांचा हिशेब होता.

पेन्शनचंही त्यांनी असंच काहीतरी योजलं. कुणा शहाण्या तिऱ्हाइतानं 'कमीची घ्या' असं सांगावं, म्हणजे कारण आपल्याला द्यायला नको.

पहिला शहाणा घरातच होता. मेव्हणा विमा विकायचा, त्यामुळे सल्ला फुकट होता.

"भावोजी, डोळे झाकून पूर्ण पेन्शन घ्या," तो म्हणाला. "आणि ताईच्या सोयीसाठी आमची एक पॉलिसी घ्या. हप्ता काय, किरकोळ!"

"किती वर्षं?"

"वीस फक्त."

"आणि तपासणी वगैरे?"

"साधी असते हो. ईसीजीची पट्टी काढतात, एवढंच."

मिस्त्रींनी चहा अर्धा टाकला आणि उठले.

बँकेतल्या मुलीनंही फुकट सल्ला दिला. एका चौकटीचा प्रश्न घेऊन गेलेला माणूस तिथून चार रंगीत पुस्तिका घेऊन बाहेर पडला, आणि मूळ प्रश्न कुठला हे त्याला जिन्याशी थांबून आठवावं लागलं. मग एक काचेचं ऑफिस. तिथला टायवाला फार गोड बोलला, फक्त दरवर्षी जमापुंजीतला एक भाग त्याला हवा होता.

"मला दोनपैकी एक चौकट सांगा, त्याचे पैसे घ्या," मिस्त्री काकुळतीला आले.

"काका, एकदाच सांगून आम्हाला परवडत नाही. नातं हवं," टायवाला म्हणाला.

वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. खाली आल्यावर लक्षात आलं, हे तर आपलंच.

शेवटी चष्म्याची काच बदलायला गेले, तेव्हा दुकानावरच्या मजल्याच्या खिडकीत एक पाटी दिसली. 'पैशांविषयी सल्ला. एक बैठक, एक फी. आम्ही काही विकत नाही.' फी चष्म्याच्या फ्रेमएवढी होती. मिस्त्रींना आनंद व्हायला हवा होता, पण वाटला तो संशय. लिफ्टनं वर जाऊन दारातूनच त्यांनी सल्ला देणाऱ्या बाईंना विचारलं, "मग तुमचं पोट कशावर चालतं?"

"फीवर," बाई म्हणाल्या.

"आणि नंतर फोन करणार?"

"मी कशाला करू?"

हे तर फारच गूढ होतं. तरी त्यांनी सोमवारची वेळ ठरवली. एकटं जायचं, बाईंना छातीचं खरं सांगायचं, उत्तर घ्यायचं आणि घरी येऊन बाईंच्या नावावर खपवायचं. पण सोमवारी बायको साडी बदलून दारात उभी.

"माझ्या पुढच्या अन्नाची गोष्ट, आणि मी नको?"

बाईंच्या खोलीत टेबल होतं, तीन खुर्च्या होत्या आणि कपाट नव्हतं. बाईंनी घर कुणाचं, देणं किती, शिल्लक किती, मुलगी काही पाठवते का, सगळं सावकाश विचारलं. मिस्त्री पटापट उत्तरं देत होते. मग बाईंनी विचारलं, "काकूंची तब्येत?" बायकोनं साखर आणि गुडघे सांगितले.

"आणि काका, तुमची?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि आतून आपोआप आलं, "ठणठणीत."

बाईंनी थोडी आकडेमोड केली. "मग पूर्ण घ्या. काकूंची तब्येत नाजूक, तुम्ही धडधाकट. कमीची घेऊन तुमचं नुकसान आहे."

झालं! पदरचे पैसे मोजून मिस्त्रींनी नको तेच उत्तर विकत घेतलं होतं. "पण समजा..." ते म्हणाले.

"समजा काय?"

"तसं नाही... पण समजा..." मिस्त्री फॉर्म उलटसुलट करू लागले.

"बाई, हे खोटं सांगताहेत," बायको म्हणाली.

ती टेबलाकडे बघून बोलत होती. "यांनी जन्मात घरी जाताना लिफ्ट घेतली नाही. मला लिफ्टमध्ये उभी करायचे, स्वतः जिन्यानं पळायचे आणि माझ्याआधी पोचून दार उघडून हसत उभे राहायचे. लग्न झाल्यापासून. आता माझ्या शेजारी उभे असतात. आवाज ऐकतात म्हणे."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना त्याचीही लाज वाटली. "मग पूर्ण घ्या, पूर्ण घ्या, असं का म्हणत होतीस?"

"कमीची घ्या म्हणायचं म्हणजे तुम्ही आधी जाणार असं म्हणायचं," ती म्हणाली. "माझ्या तोंडून निघेना."

मग बाईंनी डॉक्टर काय म्हणाला ते विचारलं, आणि या वेळी मिस्त्रींनी सगळं सांगितलं. "कमीची घ्या," बाई म्हणाल्या. फॉर्मवर दुसऱ्या चौकटीत मिस्त्रींनी तिथंच खूण केली. खूण जरा चौकटीबाहेर गेली.

फी दिली तरी मिस्त्री उठेनात. "पुढच्या वर्षी एकदा दाखवायला येऊ का? वर्षाचं काही ठरवून टाकू."

"नको. तुमचं काम झालं," बाई म्हणाल्या.

करार नको म्हणणाऱ्या बाईंचं त्यांना घरापर्यंत कोडं पडलं होतं.

घरी लिफ्टचं दार लागलं. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि लिफ्ट वर निघाली.

"येतोय का आवाज?" बायकोनं विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "कधीच येत नव्हता."

"मला येतो ना," ती म्हणाली. "रोज ऐकते. तुमचा श्वास."