टप माझा, मिरवते ती

मी एक जुनी गाडी आहे. रंगाने निळी, म्हणून घरात सगळे मला निळीच म्हणतात. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे आधी आपला मोठेपणा सांगतात. मी आधी माझा स्वभाव सांगून टाकते. मी जळकी आहे. शेजाऱ्यांच्या दारात नवी स्कूटर आली तरी माझं इंजिन तापतं. मग माझ्याच घरात नवी गाडी यायची ठरली तेव्हा माझं काय झालं असेल, तुम्हीच बघा.

हैदराबादच्या विद्यानगरमध्ये आमचं घर आहे. नामदेवरावांनी मला आणलं तेव्हा त्यांच्या बायकोने, मालनबाईंनी, माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटला कुंकू लावलं आणि माझी अलाबला घेतली. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून डिकीत गॅसची टाकी बसवली. डिकी भरली, सामान कुठे ठेवायचं? मग मलकपेठच्या अप्पाराव मिस्त्रींनी माझ्या डोक्यावर लोखंडी कॅरियर ठोकलं. मालनबाई देगलूरकडच्या. एसटीच्या छताला त्यांच्याकडे टप म्हणतात, तसं माझं कॅरियरही टपच झालं. निळीच्या टपावर टाका, टपावरून काढा, हेच दिवसभर चालायचं. मला तो टप मुकुटासारखा वाटायचा.

त्या मुकुटाचा खरा मान वर्षातून एकदा असायचा. संक्रांत झाली की मी मालनबाईंना माहेरी न्यायची. त्यांचे भाऊ हिम्मतराव नव्या ज्वारीचं पोतं स्वतः टपावर चढवायचे, स्वतः दोर आवळायचे आणि म्हणायचे, “ही गाठ मालनीनंच सोडायची. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई.” घरी आलं की मालनबाई माझं मागचं दार उघडायच्या, दाराच्या उंबऱ्यावर पाय देऊन उभ्या राहायच्या आणि ती गाठ सोडायच्या. नामदेवराव गेले, तरी गाठ चुकली नाही. त्या वर्षी ती सोडताना त्या माझ्या छतावर डोकं टेकून रडल्या होत्या. ते ओझं मी कधी कोणाला सांगितलं नाही.

आणि मग ती आली. म्हणजे आधी मोबाइलमध्ये आली. मालनबाईंचा मुलगा प्रशांत संध्याकाळी ऑफिसातून आला की वर जायचाच नाही. माझ्याच सीटवर बसायचा, माझाच एसी लावायचा आणि तिचे व्हिडिओ बघायचा! हायब्रिड म्हणे. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही चालते आणि चालता चालता आपली बॅटरी आपणच भरून घेते. किती ते कौतुक! मीही आयुष्यभर पेट्रोल आणि गॅस दोन्ही पचवले, पण माझा व्हिडिओ कोणी काढला नाही.

गाडी ठरली, पण मॉडेल ठरेना. साधं, मधलं की टॉप? साधं लगेच बाद झालं. मग मधलं आणि टॉप यांच्यावरून घरात रोज खल चालू.

“इंजिन तेच, बॅटरी तीच, एअरबॅगा दोन्हीत तेवढ्याच,” त्रिवेणी म्हणायची. ती प्रशांतची बायको, हिशोबी आणि शांत. “टॉपमध्ये जास्तीचं काय, तर काचेचं छप्पर आणि सीटमधून गार वारा. कायकू पाहिजे?”

“एकदाच घ्यायची आहे ना? मग मन मारून कशाला घ्यायची?” प्रशांत म्हणायचा.

“आणि निळी?”

“मिस्त्रींना सांगू गिऱ्हाईक बघायला. गेटच्या आत एकच गाडी मावते.”

मित्रांनो, हे सगळं ते माझ्या आत बसून बोलत होते! माझ्या पोटात बसून माझीच विक्री! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

शेवटी प्रशांत आईकडे गेला. “आई, तूच सांग. मधलं घेऊ का टॉप?”

मालनबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “टपाचंच घे लेकरा. बिनटपाची गाडी काय कामाची?”

“बघ! आईच टॉप म्हणाली!” प्रशांत उडालाच. त्रिवेणीने हिशोबाचा कागद घडी करून ठेवला. सासूबाईंचा शब्द कोण मोडणार?

प्रशांतच्या कानात टॉपच घुमत होता, मालनबाई खरं काय म्हणाल्या ते फक्त मला कळलं. पण मी सांगू कशी? हॉर्न दुसऱ्याच्या हातात. आणि खरं सांगू? मला सांगायचंही नव्हतं. म्हटलं, होऊ दे फजिती. मालनबाईंनी तिला नाकारलं की मी आहेच.

रविवारी मीच सगळ्यांना शोरूमला घेऊन गेले. सवतीला पाहायला मीच न्यायचं, काय नशीब! काचेच्या दाराशी मला उभी केली. आत ती पांढरीशुभ्र, उंच, दिव्यांखाली चमचमत होती. माझ्या आरशावर तर गल्लीतल्या कावळ्याची कृपा होती. सेल्समन पोरगा निखिल याने बटण दाबलं आणि तिचं छप्पर आवाज न करता मागे सरकलं.

मालनबाईंनी वर पाहिलं. “अगं बाई! हिचा टप कुटं गेला?”

“अम्माजी, यहीच तो टॉप है,” निखिल म्हणाला. “ऊपर पूरा आसमान दिखता.”

“आसमान अंगणात दिसतंय की रे बाबा! हे तर भोक हाय. ह्या भोकावर ज्वारी कशी बांधायची?”

प्रशांतच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. त्रिवेणीला इतकं हसू आलं की तिने पदर तोंडाला लावला. “आत्याबाई, हिची डिकी मोठी आहे. पोतं डिकीत ठेवू की.”

मालनबाई मात्र हसल्या नाहीत. “डिकीत सामान ठेवतेत, पोरी. भावाचं देणं डोक्यावरून आणतेत. पोतं घेऊन निघाले की गाव बघतंय, इथं आले की गल्ली बघती. टप न्हाई दिसला की हिम्मत म्हणंल, बहीण मोठी झाली, तिला आता माझी ज्वारी नको. तो तोंडानं बोलायचा न्हाई. पुढच्या वर्षी नुसता बोलवायचा न्हाई.”

प्रशांतने त्या सरकत्या काचेकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग म्हणाला, “मधलं दाखवा. पक्क्या छताचं.”

मी बाहेर फुशारून उभी होते. टॉप हरलं, टप जिंकला! तेवढ्यात निखिलने विचारलं, “कॅरियर नया लगाना क्या, अम्माजी?”

“नया कायकू? आमचा हाय की,” मालनबाई म्हणाल्या आणि काचेतून माझ्याकडे बोट दाखवलं.

अप्पाराव मिस्त्रींनी माझा टप सोडवला तेव्हा नट गंजून बसले होते. मीही सहजासहजी सोडला नाही. मिस्त्रींनी पट्ट्या बदलल्या, खाली रबर लावलं आणि टप तिच्या डोक्यावर बसवला. तिला गेटच्या आतली, रामफळाच्या सावलीतली माझी जागा मिळाली. मी बाहेर विजेच्या खांबापाशी धूळ खात, गिऱ्हाइकाची वाट बघत उभी. रोज सकाळी ती माझ्यासमोरून जायची, आवाज न करता. निदान जाते म्हणून सांगायचं तरी!

संक्रांत झाली आणि माहेरी तीच गेली. परतली तेव्हा तिच्या डोक्यावर पोतं होतं, माझ्या टपावर, हिम्मतरावांच्या दोराने बांधलेलं. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलंच.

मालनबाई उतरल्या. गाठीकडे हात नेला. हात पोचेना. ती उंच ना! तिच्या दाराशी उंबरा असा नव्हताच, पाय देऊन बघितला तर घसरला.

“मी सोडतो, आई,” प्रशांत म्हणाला.

“हात लावू नको!”

“स्टूल आणू?”

“स्टूल डुगडुगतं.” मालनबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर खांबापाशी आली. “तिला बाहेर काढ अन् निळीच्या शेजारी लाव, दार उघडंल एवढीच जागा सोड. निळीचा उंबरा माझ्या पायाच्या सवयीचा हाय.”

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मालनबाईंनी माझं मागचं दार उघडलं, उंबऱ्यावर पाय दिला, एक हात माझ्या छतावर टेकला, जिथे टपाच्या खुणा अजून आहेत तिथेच. दुसऱ्या हाताने गाठ सोडली. पोत्याच्या शिवणीतून थोडी ज्वारी निसटली आणि तडतडत माझ्या पाठीवर पडली.

खाली न उतरताच त्या म्हणाल्या, “मिस्त्रीला फोन कर. गिऱ्हाईक नको म्हणाव. पुढच्या वर्षी मी कशावर उभी राहू?”

तर मित्रांनो, मी अजून इथेच आहे, खांबापाशी. जळणं गेलं असं मी म्हणणार नाही. टप माझा आणि मिरवते ती, हे बघितलं की अजून तापते मी. पण एक मागणं आहे. घरात नवं जरूर आणा. फक्त जुनं काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांचा पाय कुठे टेकतो. आणि जमलं तर मधूनमधून माझी धूळ पुसा. मात्र पाठीवर दोन-चार दाणे अडकलेत, तेवढे राहू द्या.